माशासाठी माशी, माशीसाठी गवत

कापसाचा एखादा पुंजका घ्या आणि अंगातलं सगळं बळ लावून समोर फेका. दोन पावलांवर तो जमिनीवर उतरेल. इतक्या हलक्या वस्तूला कितीही वेग दिला तरी हवा तो लगेच काढून घेते. फ्लाय फिशिंग म्हणजे कृत्रिम माशी लावून मासे पकडण्याची कला, आणि तिचा सगळा खटाटोप या एका अडचणीपासून सुरू होतो. गळावर बांधलेली पिसांची माशी फुंकरीनं उडावी इतकी हलकी. ती पोचवायची पंधरा-वीस मीटर लांब, आणि उतरवायची अशी की खालच्या ट्राउट माशाला संशय येऊ नये.

तोडगा असा की माशी फेकायचीच नाही, दोरी फेकायची. साध्या गळात वजन टोकाला असतं. शिसं पुढे जातं आणि दोरी त्याच्यामागे फरफटत जाते. इथं वजन दोरीच्या अंगातच भरलेलं असतं. या दोऱ्यांना नंबर असतात आणि नंबर ठरतो पहिल्या ३० फुटांच्या वजनावरून. पाच नंबरच्या दोरीत ते १४० ग्रेन, म्हणजे सुमारे ९ ग्रॅम भरतं. काठी मागे नेऊन थांबवली की दोरी मागे सरळ होते; मग पुढे झोका देऊन काठी थांबवली की दोरीचा वळसा पुढे धावत सुटतो. वळशाची वरची बाजू पळत असते, खालची जवळपास थांबलेली. पळणारा भाग क्षणाक्षणाला आखूड होत जातो आणि उरलेली ऊर्जा कमी कमी वस्तुमानात गोळा होते. आसुडाचं टोक कडाडतं त्यामागचं गणितही हेच. इथं मात्र कडाडणं नको असतं. म्हणून पुढे लीडर, म्हणजे निमुळता, पारदर्शक दोरा जोडतात. तो उरलासुरला वेग हवेत जिरवतो आणि माशी आपसूक पडल्यासारखी पाण्यावर टेकते.

म्हणजे हव्यात दोन गोष्टी. पाण्यावर तरंगणारा एक खोटा किडा, आणि दोरीला झोका देणारी लांब, निमुळती स्प्रिंग. पहिली पिसांची करतात. दुसरी आज बहुतेक वेळा कार्बन फायबरची असते, पण तिचं हातानं केलेलं रूप बांबूचं, म्हणजे गवताचं. दोन्हींत अवघड काम कोंबड्यानं आणि गवतानं आधीच उरकलेलं असतं. कारागीर ते योग्य जागी बसवतो, एवढंच. ‘योग्य जागी’ हे शब्द केवढे महाग आहेत, ते मला पहिली माशी बांधायला बसल्यावर कळलं.

गळ एका छोट्या व्हाइसमध्ये, म्हणजे टेबलावरच्या पकडीत, आडवा पकडला, मेण लावलेला बारीक धागा त्याच्या दांडीवर गुंडाळला, शेपटीसाठी चार ताठ तंतू बसवले, सशाच्या कानाजवळची लव बोटांत वळून धाग्यावर चढवली आणि तिचं अंग केलं. शेवटी कोंबड्याच्या मानेवरचं पीस उभं धरून दांडीभोवती चार-पाच फेरे दिले, तसे त्याचे तंतू चारी दिशांना काट्यांसारखे उभे राहिले. खरीच माशी दिसायला लागली! मग दोरी ओवायला गेलो तर गळाचं नेढं धाग्याखाली गडप झालेलं. ही नवशिक्यांची अगदी ठरलेली चूक. पुढे मिलिमीटरभर जागा सोडायची असते आणि हात ती हमखास खाऊन टाकतो. ती माशी मी अजून जपून ठेवली आहे. तिला गाठीला जागा नाही, त्यामुळे हरवायचीही भीती नाही.

यात दिसत नाही ती गोष्ट अशी की या सगळ्या रचनेत कुठेही ठोस गाठ नाही. पिसं, लव, तार हे सगळं धाग्याच्या ताणावर आणि घर्षणावर उभं असतं. बंदरात एवढं मोठं जहाज एका खुंट्यावर चार वेढे टाकून थोपवतात, तेच तत्त्व. घर्षणाची पकड वेढ्यांबरोबर बेरजेनं वाढत नाही, गुणाकारानं वाढते. घर्षणाचा गुणांक ०.३ धरला तर एका पूर्ण वेढ्यानं पकड साडेसहा पट होते आणि तीन वेढ्यांनी सुमारे २८५ पट. म्हणून शेवटी ‘व्हिप फिनिश’ करताना धाग्याचं टोक त्याच्याच पाच-सहा वेढ्यांखाली ओढून घेतलं की काम झालं. वर वार्निशचा थेंब देतात, पण तो मुख्यतः धागा झिजू नये म्हणून.

आता ही माशी तरंगते कशी? गळ पोलादाचा, पाण्यापेक्षा जवळपास आठपट घन. तो बुडायलाच हवा. पण पाण्याच्या पृष्ठभागाला ताण असतो आणि कोंबड्याच्या मानेवरच्या पिसाचे ताठ, चकचकीत तंतू त्या ताणावर डझनावारी पायांसारखे टेकतात. प्रत्येक तंतू पाण्याला किंचित दाबतो, मोडत नाही, भिजत नाही. कोंबडीचं पीस लावून पाहा, ते मऊ असतं, पाणी पितं, माशी खाली जाते. बुडवायच्या माशीला तेच पीस उत्तम. नर आणि मादी पक्ष्याच्या पिसांमधला फरक कोणी नीट लक्षात ठेवला असेल तर तो या लोकांनी. पुढे तर खास या पिसांसाठी कोंबड्यांची पिढ्यान्‌पिढ्या निवड करून पैदास झाली. त्यातून लांब, अरुंद, सारख्या मापाच्या तंतूंची पिसं मिळाली. २०११ च्या सुमाराला केसांत अशी पिसं गुंफायची फॅशन आली आणि मासे पकडणारे ब्यूटी पार्लरशी स्पर्धा करताना दिसले.

माशाला मात्र ही माशी आपल्यासारखी दिसत नाही. पाण्याखालून वर पाहिलं तर बाहेरचं सगळं जग सुमारे ९७ अंशांच्या एका गोल खिडकीत दाबलेलं दिसतं. त्या खिडकीबाहेर पृष्ठभाग आरसा होतो आणि त्यात नदीचा तळच उलटा दिसतो. ३० सेंटिमीटर खोल असलेल्या माशाची खिडकी साधारण ६८ सेंटिमीटर रुंद असते. मासा जितका खोल तितकी ती मोठी. प्रवाहाबरोबर वाहत येणारी माशी आधी त्या आरशात असते. तिथं तिचा रंग नाही, आकार नाही, फक्त पायांनी पाण्याला पडलेल्या खळ्या प्रकाशाच्या ठिपक्यांसारख्या चमकतात. मग खिडकीच्या कडेला आधी पंखांची टोकं उगवतात आणि ती जवळ आली की अंग दिसतं. या क्रमात प्रत्येक टप्प्यावर मासा नकार देऊ शकतो.

खरा किडा बहुतेक वेळा मेफ्लाय असतो. पाण्यातल्या अळीसारख्या रूपात त्याचं बहुतेक आयुष्य जातं, अनेक जातींत एखादं वर्ष. पंख फुटल्यावर मात्र हातात तास किंवा फार तर दोन-चार दिवस. या काळात तो काही खात नाही, त्याचं तोंड त्या कामाचंच नसतं. पंख आल्यानंतर पुन्हा एकदा कात टाकणारा कीटकांचा हा एकच गट आहे. त्यामुळे नदीवर एकाच जातीचे दोन वेगवेगळ्या पोशाखांतले किडे दिसतात, आणि माशी बांधणाऱ्याला दोन्हींची नक्कल करावी लागते.

ही नक्कल जुनी आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकात होऊन गेलेल्या एलियन या लेखकानं मॅसेडोनियातल्या कोळ्यांचं वर्णन केलं आहे. गळाभोवती लाल लोकर, त्यावर कोंबड्याच्या गळ्याजवळची मेणाच्या रंगाची दोन पिसं, सहा फुटांची काठी आणि तेवढीच दोरी. अठराशे वर्षांनंतरही साहित्याची यादी फारशी बदललेली नाही. इंग्लंडमधल्या एव्हन नदीची राखण करणाऱ्या फ्रँक सॉयरनं तर ती आणखी छाटली. त्याची प्रसिद्ध निंफ माशी, म्हणजे किड्याच्या पाण्यातल्या रूपाची नक्कल, फेझंट पक्ष्याच्या शेपटीचे तंतू आणि तांब्याची बारीक तार, एवढ्यातच संपते. तारच धागा, तारच वजन. मला वाटतं या सगळ्या परंपरेतली ही सर्वांत हुशार माशी.

दुसऱ्या टोकाला व्हिक्टोरियन काळातल्या सॅमन माशा. उष्ण प्रदेशातल्या पक्ष्यांची निळी, केशरी, पिवळी पिसं, एकेका माशीत डझनभर प्रकार. गंमत अशी की नदीत अंडी घालायला शिरलेला सॅमन जवळपास काही खातच नाही. तो माशीवर झडप का घालतो हे कोडं वेगळं, पण ती पिसं माणसाच्या डोळ्यांसाठी होती यात मला शंका वाटत नाही. या हौसेची किंमत २००९ साली दिसली. इंग्लंडमधल्या ट्रिंग इथल्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयातून पक्ष्यांची २९९ कातडी चोरीला गेली, त्यात निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेसनं गोळा केलेलीही होती. चोर होता माशा बांधण्यात निष्णात असलेला एक तरुण संगीतकार. काही कातडी परत मिळाली, पण अनेकांच्या चिठ्ठ्या गायब होत्या, आणि कुठे व केव्हा सापडला हे माहीत नसलेला नमुना अभ्यासकाच्या फारसा उपयोगाचा राहत नाही.

आता काठीकडे. बांबू गवत आहे आणि झाडासारखा वर्षागणिक जाड होत नाही. कोंब जमिनीतून येतो तोच आपली जाडी घेऊन. काही महिन्यांत पूर्ण उंची गाठतो आणि मग पुढची काही वर्षं आतून कणखर होतो. धारदार चाकूनं बांबू आडवा कापून भिंगाखाली धरा. फिकट पार्श्वभूमीवर गडद ठिपके दिसतील. प्रत्येक ठिपका म्हणजे उभ्या तंतूंचा जुडगा. आतल्या बाजूला ते विरळ, मोठे, विखुरलेले. सालीकडे येता येता लहान आणि इतके दाट की मध्ये जागाच उरत नाही. वाऱ्यात वाकताना सर्वाधिक ताण बाहेरच्या कडेवर येतो, आणि गवतानं मजबुती नेमकी तिथंच रचली आहे.

एकोणिसाव्या शतकात काठ्यांसाठी ‘कलकत्ता केन’ वापरत. पुढे त्याची जागा ‘टोन्किन केन’नं घेतली. नाव व्हिएतनामच्या उत्तर भागाचं, बांबू मात्र चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातला. १९३१ साली फ्लॉइड मॅक्लूर या वनस्पतिशास्त्रज्ञानं त्याला अरुंडिनारिया अमाबिलिस असं नाव दिलं. अमाबिलिस म्हणजे लोभस. शास्त्रज्ञ असा शब्द सहसा वाया घालवत नाहीत! बाहेरच्या तंतूंचा थर जाड, गाठी कमी उठावाच्या, पेरं सरळ. १९५० च्या अखेरीला अमेरिकेनं चीनशी व्यापार बंद केला आणि हा बांबू तिथं दोन दशकं दुर्मिळ झाला. तोवर फायबरग्लास आलाच होता.

अख्खा बांबू काठी म्हणून का वापरत नाहीत? तो पोकळ असतो, निमुळता करायला गेलं तर रंधा नेमका बाहेरचा उत्तम थर काढून टाकतो. उपाय १८४० च्या दशकात पेनसिल्व्हेनियातल्या सॅम्युएल फिलिप या बंदुका घडवणाऱ्या कारागिरानं करून पाहिला. बांबू चिरून कामट्या काढायच्या, तासायच्या आणि सरसानं चिकटवून भरीव काठी करायची. १८७० च्या दशकात हायरम लेनर्डनं सहा कामट्यांची काठी यंत्रानं तासून रुळवली.

प्रत्येक कामटीचा छेद समभुज त्रिकोण, तिन्ही कोन ६० अंशांचे. सहा त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की षटकोन होतो. रंधा फक्त आतल्या दोन बाजूंवर चालतो, सालीच्या बाजूला हात लावायचा नाही, फक्त वरची चकाकी खरवडायची. त्यामुळे पक्के तंतू सगळे बाहेर येतात आणि मऊ गाभा मध्यभागी जातो. तिथं वाकताना ताण जवळपास शून्यच असतो. षटकोनी काठी सगळ्या दिशांना सारखी वाकते म्हणून सहा बाजू, असं पुष्कळदा सांगतात. ते खरं आहे, पण चौकोनी किंवा पाच बाजूंच्या काठीलाही तेच लागू होतं. कुठल्याही सुसम बहुभुजाचा ताठपणा सर्व दिशांना सारखाच असतो. सहाची खरी सोय ६० अंशांचा कोन तासायला आणि तपासायला सोपा, ही.

तासायचं माप मात्र क्रूर आहे. वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या चौथ्या घातानं वाढतो. टोकाशी २ मिलिमीटर आणि मुठीजवळ ८ मिलिमीटर जाडी असेल तर जाडी चौपट, ताठपणा २५६ पट. आता टोकाजवळ प्रत्येक कामटी फक्त ०.०५ मिलिमीटर जास्त राहिली असं समजा, म्हणजे साध्या कागदाच्या निम्म्या जाडीइतकी. समोरासमोरच्या दोन कामट्या मिळून काठी ०.१ मिलिमीटरनं जाड झाली, आणि त्या जागी २१ टक्क्यांहून जास्त ताठ. सूतभर चूक सुतारकामात चालते, इथं तिच्या पासंगालाही न पुरणारी चूक झोक्यात जाणवते. म्हणून पोलादी साच्याच्या खाचेत कामटी ठेवून रंधा मारतात, आणि दर पाच इंचांवर स्क्रूनं खाचेची खोली बदलतात. एव्हरेट गॅरिसन हा न्यूयॉर्कजवळचा काठ्या करणारा पेशानं इंजिनिअर. पूल किंवा तुळई आखावी तशी त्यानं काठीच्या प्रत्येक टप्प्यावरच्या ताणाची गणितं मांडली आणि त्यावरून निमुळतेपणा ठरवला.

तासण्याआधी किंवा दरम्यान कामट्या भट्टीत भाजतात, साधारण १७५ ते १९० अंश सेल्सियसला, काही मिनिटं. पाणी जातं, आणि बांबूची पुन्हा ओल धरण्याची सवयही कमी होते. सहाही कामट्यांच्या गाठी एकाच जागी येऊ नयेत म्हणून त्या पुढेमागे सरकवून जोडतात, कारण गाठीत तंतू वळणं घेतात.

एवढं करून ही काठी कार्बनच्या काठीपेक्षा लांब फेकते का? नाही. कार्बन हलका आणि ताठ. वाकून तो झटकन सरळ होतो. बांबू स्वतःच्याच वजनानं थोडा वाकतो, सावकाश परततो. दहा मीटरच्या आत, जिथं दोरी जेमतेम बाहेर आलेली असते, तिथं हाच आळस कामाला येतो. तिथं माझं मत बांबूला. वाऱ्यात, मोठ्या नदीवर, मी मुकाट्यानं कार्बन उचलेन.

मोठ्या माशाशी झटल्यावर बांबूचं टोक कधीकधी वाकलेलंच राहतं. सरस उष्णता सोसणारा असेल तर ते दिव्यावर लांबून, सतत फिरवत, गरम करतात. तंतूंना धरून ठेवणारं लिग्निन मऊ होतं, मग बाक उलट दिशेला किंचित जास्त दाबायचा आणि थंड होईपर्यंत सोडायचा नाही. डोळ्यासमोर धरून एका टोकाकडून दुसरं टोक सरळ रेषेत आलं का ते पाहायचं. ओली काठी नळीत बंद करायची नाही, आडवी टेकवून ठेवायची नाही. कापडी पिशवीत घालून टांगायची.