टेबलटॉप रोलप्लेइंग गेम : रचना आणि संचालन

चार-पाच जणांनी एकत्र बसून, एकेका काल्पनिक पात्राची भूमिका घेऊन, मुख्यतः बोलण्यातून पुढे नेलेला खेळ. आपले पात्र काय करते ते खेळाडू सांगतो. भोवतालचे जग, त्यातली बाकीची माणसे आणि संकटे गेम मास्टर, म्हणजे खेळाचा संचालक, उभी करतो. निकाल अनिश्चित असेल तिथे फासे टाकतात. नकाशे आणि प्यादी असली तर सोय होते, नसली तरी अडत नाही.

या खेळाचे मूळ युद्धखेळांत आहे. प्रशियाच्या सैन्यात 19व्या शतकात रुजलेल्या ‘क्रीगश्पील’ या सरावखेळात चालींचा निवाडा पंच करत असे. नियम आणि तक्ते इतके वाढले, की 1876 साली फेर्डी दु व्हेर्नुआ या अधिकाऱ्याने ते बाजूला ठेवून अनुभवी पंचाच्या निर्णयावर भिस्त ठेवावी असे सुचवले. नियम मोठे की पंचाची समज, हा वाद तेव्हापासूनचा आहे आणि आजही मिटलेला नाही. अमेरिकेत 1969 साली डेव्हिड वेझली यांनी ‘ब्राउनस्टाइन’ या खेळात खेळाडूंना पलटणींऐवजी एकेका व्यक्तीची भूमिका दिली. त्या खेळात भाग घेतलेल्या डेव्ह आर्नेसन यांनी ती कल्पना ‘ब्लॅकमूर’ या आपल्या खेळात वाढवली. गॅरी गायगॅक्स यांच्यासह त्यांनी रचलेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ 1974 मध्ये बाजारात आला आणि या प्रकाराला स्वतंत्र ओळख मिळाली.

नियम म्हणजे जगाची हुबेहूब प्रतिकृती, अशी नवख्या रचनाकाराची समजूत असते आणि तो तलवारीच्या वजनाचे तक्ते करत बसतो. प्रत्यक्षात नियम दोन कामे करतात. मतभेद झाल्यावर कोणाचे म्हणणे खरे धरायचे ते ठरवतात आणि खेळाडूंचे लक्ष कुठे वळेल तेही ठरवतात. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या सुरुवातीच्या काळात पात्राची प्रगती मुख्यतः मिळवलेल्या खजिन्यावर मोजली जाई. साहजिकच शहाणे खेळाडू राक्षसाशी लढण्यापेक्षा त्याची नजर चुकवून सोने पळवत. मारलेल्या शत्रूंवरच गुण मिळू लागले, की तीच मंडळी दिसेल त्याच्यावर तुटून पडतात. 1981 च्या ‘कॉल ऑफ थुलू’ या भयकथेच्या खेळात अमानवी शक्तींचे ज्ञान जितके वाढते, तितकी पात्राच्या मानसिक स्वास्थ्याची कमाल मर्यादा खाली येते. रहस्य उलगडायचे तर आहे, पण जाणून घेण्याचीच किंमत मोजावी लागते. भयकथेचे सारे मर्म या एका आकड्यात उतरले आहे.

फाशांची निवडही खेळाचा स्वभाव ठरवते. 20 बाजूंच्या एका फाशावर प्रत्येक आकड्याची शक्यता सारखीच, 5 टक्के. त्यामुळे कसलेला योद्धाही अधूनमधून सपशेल तोंडघशी पडतो. सहा बाजूंचे तीन फासे घेतले तर 10 किंवा 11 येण्याची शक्यता 25 टक्के, आणि 18 मात्र 216 पैकी एकदाच. इथे पात्राच्या कौशल्यावर भरवसा ठेवता येतो. 2010 च्या ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’ या खेळात सहा बाजूंच्या दोन फाशांची बेरीज 10 वा अधिक आली तर पूर्ण यश, 7 ते 9 आली तर किंमत मोजून यश आणि 6 वा कमी आली तर संचालक पात्रापुढे नवे संकट उभे करतो. या बेरजेत आणखी काही मिळवायचे नाही असे धरले, तर या तिन्हींची शक्यता सुमारे 17, 42 आणि 42 टक्के आहे. बेरजेत फक्त 1 मिळवा, की ती 28, 44 आणि 28 होते. एका गुणाने अपयश इतके घटते, हे रचनाकाराने कागदावर मोजून पाहायला हवे, कारण खेळताना ते नुसते जाणवते, पण नेमके दिसत नाही.

संचालनातली सर्वांत सामान्य चूक म्हणजे उगाच फासे टाकायला लावणे. यश आणि अपयश दोन्हींमुळे काहीतरी बदलणार असेल तरच फासा टाकावा. बंद दार उघडले नाही आणि पुढे काहीच घडले नाही, तर तो फासा वाया गेला. पहारेकरी जागा झाला, तर कामी आला. तपासकथेत हे फार बोचते: एक धागा हुकला की सगळे ठप्प. म्हणून ‘गमशू’ या नियमपद्धतीत योग्य कौशल्य असलेल्या पात्राला योग्य जागी शोधल्यावर महत्त्वाचा धागा हमखास मिळतो. त्यावरून अर्थ लावणे खेळाडूंवर सोपवलेले असते.

दुसरी चूक तयारीतली. संचालक घरून गोष्ट लिहून आणतो आणि खेळाडूंना हाकत तिच्या शेवटापर्यंत नेतो. याला ‘रेलरोडिंग’ म्हणतात. त्यापेक्षा परिस्थिती तयार करावी: कोणाला काय हवे आहे, कोणी अडवले नाही तर काय घडेल. बाकीचे खेळाडूंच्या निवडीवर सोडावे, आणि निवड खरी हवी असेल तर धोक्याची पुरेशी माहिती आधी द्यावी. संचालकाने पडद्याआड फाशाचा आकडा गुपचूप बदलावा का, यावर दोन तट आहेत. आपल्याला मान्य नसलेला निकाल येणार असेल तर मुळात फासा टाकूच नये, हा पक्ष जास्त पटण्याजोगा आहे.

पहिल्या खेळाआधीच्या बैठकीला ‘सेशन झिरो’ म्हणतात. खेळाचा सूर कसा असेल आणि कोणते विषय टाळायचे, हे तिथे ठरते. ऐन खेळात नको असलेला प्रसंग कारण न देता थांबवण्यासाठी ‘एक्स कार्ड’ टेबलावर ठेवण्याची पद्धतही आहे.

संचालक असलाच पाहिजे असेही नाही. 2009 च्या ‘फियास्को’मध्ये तो नसतो. खेळाडू आळीपाळीने आपल्या पात्राचा प्रसंग घेतात. प्रसंग स्वतः मांडला तर त्याचा शेवट बरा की वाईट हे इतर ठरवतात, आणि इतरांनी मांडला तर ते स्वतःला ठरवता येते.