तेहतीसचे तीन घन

२९ = ३³ + १³ + १³. याला कागदसुद्धा लागत नाही. ३० साठी मात्र १९९९ पर्यंत थांबावं लागलं, आणि उत्तर निघालं ते असं: २२२०४२२९३२³ − २८३०५९९६५³ − २२१८८८८५१७³. ३१ आणि ३२ तीन घनांत मांडता येतच नाहीत, आणि हे कुणीही पाच मिनिटांत सिद्ध करू शकतो. ३३ ला २०१९ साल उजाडलं. ओळीने पाच आकडे, प्रश्न एकच, पण प्रत्येकाची तऱ्हा वेगळी.

प्रश्न असा: क³ + ख³ + ग³ या तीन चलांच्या बहुपदीत पूर्णांक घालून कोणकोणते पूर्णांक मिळतात? ऋण पूर्णांकांना मुभा आहे आणि खरी अडचण तिथेच आहे. फक्त शून्य आणि धन संख्या चालणार असत्या, तर ३३ साठी ०, १, ८, २७ एवढेच घन तपासून काम संपलं असतं. ऋण चालतात म्हटल्यावर दोन प्रचंड घन एकमेकांना जवळजवळ खोडून टाकतात आणि मागे ३३ एवढीच शिल्लक राहू शकते. म्हणून शोधाला वरची मर्यादा घालता येत नाही.

३१ आणि ३२ का जमत नाहीत ते आधी बघू. कोणतीही पूर्णांक संख्या ३म, ३म + १ किंवा ३म − १ या रूपाची असते. घन करून विस्तार लिहिला की बाकीची सगळी पदं ९ ने भागली जातात, उरतात ०, १ किंवा −१. अशा तीन बाक्यांची बेरीज −३ ते ३ यांच्यातच राहणार. म्हणून ९ ने भागल्यावर ४ किंवा ५ बाकी उरणारी संख्या तीन घनांची बेरीज होऊ शकत नाही. ३१ ची बाकी ४, ३२ ची ५. विषय संपला.

या प्रश्नात ठाम ‘नाही’ म्हणायची हातात असलेली युक्ती एवढीच. बाकी सर्व संख्यांसाठी उत्तर ‘हो’ असावं, इतकंच नव्हे तर प्रत्येकीची अशी मांडणी अनंत प्रकारांनी होत असावी, असा अंदाज रॉजर हीथ-ब्राउन यांनी १९९२ मध्ये मांडला. तो सिद्ध झालेला नाही, पण त्यामागचा हिशेब समजण्यासारखा आहे. −१०,००० ते १०,००० मधल्या संख्यांची त्रिकुटं होतात सुमारे ८ लाख कोटी. त्यांच्या घनांच्या बेरजा पसरतात उणे ३ ते अधिक ३ लाख कोटींत. म्हणजे एकेका संख्येच्या वाट्याला सरासरी एकाहून जरा जास्त त्रिकूट. मर्यादा दहापट वाढवली तर त्रिकुटं हजारपट होतात आणि बेरजांचा पसाराही हजारपट. थोडक्यात, मर्यादेला एक शून्य जोडलं की नवी उत्तरं मिळण्याची शक्यता पहिल्याएवढीच राहते, श्रम मात्र चांगल्यात चांगल्या पद्धतीनेही दहापट होतात. ३३ च्या वाट्याला सरासरीहून बरंच कमी येतं. म्हणून ते इतकी वर्षं सापडत नव्हतं.

१९५४ च्या सुमारास केंब्रिजच्या एडसॅक संगणकावर १०० पर्यंतच्या संख्यांचा पहिला यांत्रिक शोध झाला. पण खरा फरक पडला तो शोधायच्या पद्धतीने. ब्रिस्टल विद्यापीठातल्या अँड्र्यू बुकर यांनी वापरलेली पद्धत शाळेतल्या अवयवांपासून सुरू होते. हवी असलेली संख्या स, आणि तिघांतला चिन्ह सोडून सर्वांत लहान तो ग. मग

स − ग³ = क³ + ख³ = (क + ख)(क² − कख + ख²).

क + ख ची चिन्हाशिवायची किंमत द म्हणू. द ने (स − ग³) ला निःशेष भाग जायलाच हवा. म्हणजे एकेक द घ्यायचा आणि ज्यांच्या घनाला द ने भागल्यावर स इतकीच बाकी उरते असे ग तेवढे तपासायचे. द आणि ग ठरले की क, ख साठी एक वर्गसमीकरण उरतं. त्याला पूर्णांक उत्तर हवं असेल तर ३द(४|स − ग³| − द³) ही संख्या पूर्ण वर्ग असावी लागते.

छोटं उदाहरण घेऊ. स = ३, द = १, ग = ४. ३ − ६४ = −६१. ३ × (४ × ६१ − १) = ७२९, म्हणजे २७ चा वर्ग. आता (४ × ६१ − १) ला ३ ने भागून वर्गमूळ काढलं की ९. (१ + ९)/२ = ५ आणि (१ − ९)/२ = −४. स − ग³ ऋण होतं, म्हणून चिन्हं उलटायची: −५ आणि ४. ताळा: ६४ + ६४ − १२५ = ३.

या मांडणीचं बळ असं, की मोठ्यात मोठ्या संख्येऐवजी लहानात लहान ग वर मर्यादा घालून शोध चालतो, आणि द हा ग च्या साधारण ०.२६ पटीच्या आतच राहतो. शिवाय बरेचसे द हात न लावता बाद होतात. घनांना ७ ने भागल्यावर ०, १ किंवा ६ एवढ्याच बाक्या येतात. ३३ ची बाकी ५. म्हणजे ३३ साठी ७ ने भाग जाणारा द चालणारच नाही. तसंच १३ चं, तसंच १९ चं. ३ ने भागून १ बाकी उरणाऱ्या मूळ संख्यांपैकी साधारण दोन-तृतीयांश अशा गळतात. उरलेल्यांसाठी प्रत्येक मूळ संख्येपुरतं ‘घनमूळ’, म्हणजे घन केल्यावर ३३ एवढीच बाकी देणारी संख्या, काढून ती चिनी शेष सिद्धांताने (वेगवेगळ्या भाजकांच्या बाक्यांवरून एक संख्या ठरवण्याच्या रीतीने) जोडायची. आणखी एक काटछाट आहे: ३३ ला ९ ने भागून बाकी ६, म्हणजेच −३, तेव्हा तिन्ही घनांची बाकी −१ च हवी, म्हणजे तिन्ही संख्यांची ३ ने भागल्यावरची बाकी २ च हवी.

हे सगळं चाळल्यावर जे हाती आलं ते असं:

३३ = ८८६६१२८९७५२८७५२८³ − ८७७८४०५४४२८६२२३९³ − २७३६१११४६८८०७०४०³

यातला द आहे ८७७२३५३२४२५२८९, म्हणजे क, ख, ग सोळा अंकी आणि द चौदा अंकी.

ताळा करायचा तर एक्सेलमध्ये करू नका. एक्सेल पंधराच अंक धरून ठेवतं, सोळावा अंक मुकाट्याने शून्य करतं. घन तर अठ्ठेचाळीस अंकी होतात. चौसष्ट बिटांच्या पूर्णांकात जेमतेम एकोणीस अंक मावतात, त्यामुळे साध्या प्रोग्रॅममध्ये संख्या उतू जाते आणि उत्तर म्हणून भलतंच काही छापलं जातं. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतले पूर्णांक लागतील तेवढे लांब होतात, तिथे तीन ओळींत काम होतं. मात्र दशांश चिन्ह कुठेही येता कामा नये. पूर्ण वर्ग तपासतानाही हीच चूक होते: दशांश वर्गमूळ काढून तुलना केली की खरी उत्तरं निसटतात, खोटी पास होतात. आधी ६४ ने भागून बाकी बघावी. वर्गांच्या बाक्या ६४ पैकी १२ च असतात, त्यामुळे पाचांतले चार उमेदवार तिथेच गळतात. जे राहतील त्यांच्यासाठीच पूर्णांक वर्गमूळ काढावं.

हाताने करायचा एक ताळा मला फार आवडतो. शेवटचे दोन अंक घ्या: २८, ३९, ४०. त्यांच्या घनांचे शेवटचे दोन अंक ५२, १९, ००. ५२ − १९ − ० = ३३. हा पुरावा नव्हे, पण उतरवताना चुकलं असेल तर बहुधा इथेच कळतं.

१०० च्या आत मग ४२ एकटंच उरलं. सप्टेंबर २०१९ मध्ये बुकर आणि एमआयटीचे अँड्र्यू सदरलंड यांनी तेही सोडवलं. चॅरिटी इंजिन या व्यवस्थेतून चार लाखांहून अधिक लोकांच्या संगणकांचा रिकामा वेळ त्यासाठी वापरला, एकूण दहा लाखांहून जास्त संगणक-तास:

४२ = −८०५३८७३८८१२०७५९७४³ + ८०४३५७५८१४५८१७५१५³ + १२६०२१२३२९७३३५६३१³

त्याच महिन्यात एक जुना प्रश्नही सुटला. १, १, १ आणि ४, ४, −५ याखेरीज ३ ची तिसरी मांडणी आहे का, हे लुई मॉर्डेल यांनी १९५३ मध्ये विचारलं होतं. आहे, आणि तिच्यातल्या दोन संख्या एकवीस अंकी आहेत. ३ साठी कॅसल्स यांनी १९८५ मध्ये दाखवलेली अट कामी आली: तिन्ही संख्यांना ९ ने भागल्यावर एकच बाकी उरली पाहिजे. ४, ४, −५ वर ती पडताळून बघा.

दोन चल आणि दुसरी कोटी (म्हणजे सर्वांत मोठा घात २) असती तर चित्र निराळं दिसलं असतं. ११५० मध्ये भास्कराचार्यांनी क² − ६१ख² = १ चं लहानात लहान उत्तर दिलं: क = १७६६३१९०४९, ख = २२६१५३९८०. त्यांनी वापरलेली चक्रवाल पद्धत आंधळा शोध नाही. ती दर पायरीला उत्तराकडे सरकते आणि नेहमी थांबते. एका चलाचं तर आणखी सोपं: पूर्णांक उत्तर असेल तर ते स्थिरपदाचा भाजक असतं, भाजक तपासले की संपलं.

चल वाढले की ही खात्री जाते. कोणतंही असं समीकरण दिलं तर त्याला पूर्णांक उत्तर आहे की नाही हे सांगणारी एक ठरावीक रीत द्या, हा डेव्हिड हिल्बर्ट यांच्या १९०० मधल्या यादीतला दहावा प्रश्न. मार्टिन डेव्हिस, हिलरी पुटनम आणि ज्युलिया रॉबिन्सन यांनी केलेल्या पायाभरणीवर १९७० मध्ये बावीस वर्षांच्या युरी मातियासेविच यांनी सिद्ध केलं की अशी रीत असूच शकत नाही. कारण कोणत्याही संगणक-प्रोग्रॅमचं चालणं पूर्णांक सहगुणकांच्या बहुपदीत गुंफता येतं, आणि दिलेला प्रोग्रॅम कधी थांबेल का हे दरवेळी सांगणारी रीत नाही. याच वाटेने १९७६ मध्ये २६ चलांची, सर्वांत मोठा घात २५ असलेली एक बहुपदी लिहिली गेली. तिच्यात ऋणेतर पूर्णांक घातले की येणाऱ्या धन किमती म्हणजे नेमक्या सर्व मूळ संख्या. तीन घनांच्या समीकरणांपुरती वेगळी रीत निघेल का, हा प्रश्न मात्र मातियासेविच यांच्या निकालाने मिटत नाही.

बुकर आणि सदरलंड यांच्या २०२१ च्या शोधनिबंधानंतर १००० च्या आत सात संख्या उरल्या: ११४, ३९०, ६२७, ६३३, ७३२, ९२१, ९७५. ११४ पासून सुरुवात करायची तर ९ ने भागून बाकी ६, म्हणजे तिन्ही संख्या ३ ने भागून २ बाकी उरणाऱ्या. ७ ने भागून बाकी २, १३ ने भागून १०, आणि या दोन्ही घनांच्या बाक्या नव्हेत. तेव्हा द मधून ७ आणि १३ बाद. १९ ने मात्र ११४ ला पूर्ण भाग जातो. १९ ने भाग जाणारा द घेतला तर ग लाही १९ ने भाग जायला हवा.