प्रोसेसर आणि कॅशचे सिम्युलेशन

प्रोसेसर किंवा त्यातली कॅश, म्हणजे नुकताच वापरलेला डेटा जवळ ठेवणारी छोटी, वेगवान मेमरी, प्रत्यक्ष घडवण्याआधी तिचे वागणे दुसऱ्या संगणकावर प्रोग्रॅमच्या रूपात चालवून पाहणे, याला सिम्युलेशन म्हणतात. चिप एकदा सिलिकॉनवर उतरली की कॅशचा आकार बदलत नाही. सिम्युलेटरमध्ये मात्र तो बदलायला एक आकडा पुरतो.

कॅशसाठी जुनी आणि आजही कामाची पद्धत ट्रेसची. प्रोग्रॅम चालताना मेमरीतल्या ज्या ज्या पत्त्यांवर जातो, त्यांची क्रमवार नोंद म्हणजे ट्रेस. सिम्युलेटर ती वाचत प्रत्येक पत्ता हिट (कॅशमध्ये सापडला) की मिस (सापडला नाही) ते ठरवतो. कॅश डेटा ओळींमध्ये, म्हणजे ठरावीक आकाराच्या तुकड्यांत, ठेवते. जी ओळ सर्वांत जास्त काळ वापरली गेलेली नाही ती बाहेर काढायची, या एलआरयू नियमाने चालणाऱ्या कॅशसाठी ट्रेस एकदाच वाचून सगळ्या आकारांचे मिस मोजता येतात, हे मॅटसन आणि सहकाऱ्यांनी १९७० मध्ये दाखवले. लहान कॅशमध्ये जे असते ते मोठीत असतेच, एवढ्या साध्या गोष्टीवर ही सुंदर युक्ती उभी आहे.

आता ३२ केबीची कॅश घ्या: ६४ बाइटच्या ५१२ ओळी, प्रत्येकी ८ ओळींचे ६४ सेट, म्हणजे गट. कोणता पत्ता कोणत्या सेटमध्ये जायचा हे पत्त्यावरूनच ठरते. प्रोग्रॅम एकमेकांपासून ४,०९६ बाइट अंतरावरचे ९ पत्ते फिरून फिरून वाचतो. ते सगळे एकाच सेटमध्ये येतात. नववा आला की पहिला बाहेर. आणि पुढची गरज नेमकी त्या पहिल्याचीच! एकही हिट मिळत नाही, आणि ५०४ ओळी रिकाम्या पडून असतात. अंतर ६४ बाइटनी वाढवले की पत्ते वेगवेगळ्या सेटमध्ये जातात आणि पहिल्या फेरीनंतर सगळे हिट.

प्रोसेसरमधले काउंटर मिस किती झाले ते सांगतात. का झाले ते सिम्युलेटर सांगतो, आणि त्याची खरी किंमत इथेच आहे. संगणकशास्त्रज्ञ मार्क हिल यांच्या वर्गीकरणात मिस तीन प्रकारचे: पहिल्याच भेटीचे, जागा न पुरल्याचे आणि सेटमधल्या टकरीचे. तेवढ्याच आकाराची, पण कोणतीही ओळ कुठेही ठेवू देणारी कॅश शेजारी चालवली, की टकरीचे मिस वेगळे दिसतात. वरच्या उदाहरणात पहिले ९ सोडून बाकी सगळे टकरीचे.

मिसमुळे प्रोग्रॅम किती मंदावतो, हे मात्र ट्रेस सांगत नाही. आजचा प्रोसेसर मिसची वाट पाहताना पुढच्या सूचना उरकतो. मंदावणे मोजायला सायकलनिहाय, म्हणजे प्रोसेसरच्या घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याचा, हिशेब ठेवणारा सिम्युलेटर लागतो. २०११ मध्ये एम-५ आणि जेम्स या दोन सिम्युलेटरांच्या एकत्रीकरणातून पुढे आलेला जेम-५ संशोधनात फार वापरला जातो. हे काम संथ असते. सेकंदाला ३ लाख सायकली उरकणाऱ्या सिम्युलेटरला ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचा एक सेकंद उभा करायला पावणेतीन तास लागतील. म्हणून सिमपॉइंटसारख्या पद्धती प्रोग्रॅममधले प्रातिनिधिक तुकडेच निवडतात. तुकडा मोजण्याआधी कॅश भरून घ्यावी लागते. रिकाम्या कॅशपासून मोजणी सुरू केली तर सुरुवातीचे मिस फुगतात, आणि कॅश जितकी मोठी तितकी ही चूक मोठी.