नर्सच्या कामाचं वातावरण मोजतात कसं, आणि ती प्रश्नावली आली कुठून

नर्स टिकत नाहीत ही ओरड जुनीच आहे, पण १९८० च्या आसपास अमेरिकेत टंचाई इतकी वाढली की कुणीतरी प्रश्नच उलटा केला. सोडून का जातात ते राहू दे, काही हॉस्पिटलांत राहतात कशा काय? १९८३ मधे अशा ४१ हॉस्पिटलांचा रिपोर्ट आला, त्यांना मॅग्नेट म्हणायला लागले, म्हणजे नर्सना ओढून घेणारी आणि धरून ठेवणारी.

त्या रिपोर्टात जे गुण सापडले त्यावरून १९८९ मधे ६५ मुद्द्यांची प्रश्नावली झाली, आणि माझ्या मते खरी गंमत इथेच आहे. प्रत्येक मुद्द्यावर तीन गोष्टी विचारायचे: हे तुमच्याकडे आहे का, तुमच्या समाधानासाठी ते किती महत्त्वाचं, आणि चांगली सेवा देता यावी म्हणून किती महत्त्वाचं. २००० मधे सुधारित आवृत्ती आली तेव्हा शेवटचे दोन प्रश्न गेले, राहिलं फक्त "आहे का". कारण समजण्यासारखं आहे, आता एका नर्सचं मन नाही तर अख्खं हॉस्पिटल मोजायचं होतं, आणि ड्युटी करून थकलेल्या माणसाकडून एकाच गोष्टीवर तीन तीन उत्तरं कोण भरून घेणार. पण त्यात नर्सला काय महत्त्वाचं वाटतं हे कागदावरूनच उडालं ना!

२००२ मधे ३१ प्रश्नांची, पाच भागांची आवृत्ती निघाली, आज जगभर बहुतेक हीच वापरतात. हॉस्पिटलच्या निर्णयात सहभाग, सेवेच्या दर्जाचा पाया, वरिष्ठ नर्सचा पाठिंबा, पुरेसा स्टाफ आणि साधनं, डॉक्टरांशी संबंध. उत्तर १ ते ४ मधे, २.५ च्या वर गेलं की तो भाग चांगला धरतात. एकूण गुण म्हणजे पाची भागांच्या सरासरीची सरासरी, म्हणजे डॉक्टरांबद्दलच्या ३ प्रश्नांचं वजन आणि दर्जाच्या पायाच्या १० प्रश्नांचं वजन सारखंच. आता रात्रपाळीला वॉर्डात माणसंच कमी असतील तर कमिटीत बसायला मिळतं म्हणून ती तूट भरून निघते का? आकड्यात मात्र निघते. काय महत्त्वाचं हे विचारणं बंद केल्यावर सगळं समान धरण्याशिवाय दुसरा मार्ग उरलाच नाही, असं मला तरी वाटतं.

त्याच वर्षी, २००२ मधेच, अमेरिकेतला दुसरा एक अभ्यास गाजला. एका नर्सकडे एक पेशंट वाढला की ऑपरेशननंतर ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता साधारण ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. मग वातावरण हा नुसता नोकरीच्या समाधानाचा विषय राहिला नाही, पेशंटच्या जिवाशी जोडला गेला. २००९ ते २०११ मधे युरोपातल्या १२ देशांत ३३ हजारांवर नर्सना हेच प्रश्न त्यांच्या त्यांच्या भाषेत विचारले, आणि जिथे गुण चांगले तिथे थकवा आणि नाराजी कमी, असं तिथेही निघालं. अर्थात एकाच वेळचा सर्व्हे, कशामुळे काय झालं हे त्यातून पक्कं सांगता येत नाही.

मधल्या काळात मॅग्नेटचं रीतसर मानांकन झालं होतं, पहिलं १९९४ मधे मिळालं. आता ते हवं असेल तर नर्सच्या सर्व्हेचे आकडे चांगले दाखवावे लागतात, त्यामुळे फॉर्म वाटणाऱ्या मॅनेजमेंटलाच चांगल्या उत्तरांची गरज असते, आणि फॉर्मवर नाव नसलं तरी सहा जणींच्या वॉर्डात कोणी काय लिहिलं हे ओळखणं फार अवघड नसतं.