ट्रफल इतका महाग कसा झाला?

ट्रफल म्हटलं की आपल्याकडे आधी चॉकलेट केक डोळ्यांसमोर येतो. मूळचा ट्रफल म्हणजे ओक, हेझल अशा झाडांच्या मुळांशी जमिनीखाली वाढणारी बुरशी. तिचे बीजाणू वाऱ्यावर उडत नाहीत. ते पसरवायला जनावरांनीच तिला उकरून खायला हवं. म्हणून पिकल्यावर ती उग्र वास सोडते. लोक ज्या चवीचं कौतुक करतात, ती बहुतांशी हा वासच असतो. तो लोणी, अंडं, चीज अशा स्निग्ध पदार्थांत छान उतरतो आणि ट्रफल काढल्यावर काही दिवसांत ओसरतो.

ट्रफल गरिबाघरचा कधीच नव्हता. पण आज वाटतो तितका दुर्मीळही नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला आग्नेय फ्रान्समधल्या आप्त गावाच्या परिसरात जोसेफ तालों या शेतकऱ्याने ट्रफल देणाऱ्या ओकांच्या बिया रुजवल्या. पुढे त्या झाडांखालीही ट्रफल निघू लागले. त्याच शतकाच्या उत्तरार्धात फायलोक्सेरा किडीने फ्रान्सचे द्राक्षमळे ओस पाडले आणि रिकाम्या जमिनीवर अनेकांनी ओक लावले. शतक संपताना देशाचं वार्षिक उत्पादन हजार टनांच्या घरात असल्याचे अंदाज आहेत. आता शंभर टनही निघत नाहीत.

ही घसरण महायुद्धांच्या काळातली. जाणते लोक रणांगणावर गेले, गावं रिकामी झाली, ओकांची राने दाट वाढली. फ्रान्समधल्या या काळ्या ट्रफलला तर मोकळी, उन्हाची जमीन लागते. नवी बाग लावली तरी पहिल्या उत्पन्नासाठी सहा-सात वर्षं थांबावं लागतं. एवढा धीर कोण धरणार?

इटलीतल्या आल्बाच्या पांढऱ्या ट्रफलची गोष्ट वेगळी. त्याचं नाव जगभर करण्यात जाकोमो मोरा या हॉटेलवाल्याचा मोठा वाटा. तो दरवर्षी निवडक ट्रफल नामांकितांना भेट पाठवायचा. १९४९ मध्ये अभिनेत्री रिटा हेवर्थला, १९५१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांना. २००७ मध्ये मकावचे कॅसिनोमालक स्टॅन्ली हो यांनी लिलावात दीड किलोच्या एका ट्रफलसाठी ३,३०,००० डॉलर मोजले. अशा लिलावांचे आकडे बाजारभाव म्हणून वाचू नयेत. त्यात दानधर्म आणि मिरवणं दोन्ही असतं.

हॉटेलांतल्या 'ट्रफल ऑइल'मध्ये तर बहुधा ट्रफल नसतोच. त्याचा वास २,४-डायथायापेंटेन या प्रयोगशाळेत तयार होणाऱ्या रसायनाचा असतो.

१९७० च्या दशकात फ्रान्समध्ये मुळांवर बुरशी रुजवलेली रोपं विक्रीला आली. त्या तंत्राने काळा ट्रफल १९९९ मध्ये टास्मानियात निघाला आणि आता पश्चिम ऑस्ट्रेलियातून युरोपच्या उन्हाळ्यात ताजा माल मिळतो. पांढरा मात्र सहजी दाद देत नाही. फ्रेंच संशोधकांनी २०२१ मध्ये त्याच्या यशस्वी लागवडीची माहिती प्रसिद्ध केली, पण बाजारात येणारा पांढरा ट्रफल अजून मुख्यतः रानातून, कुत्र्यांच्या नाकाच्या भरवशावरच येतो.