आधी आटवा, मग कापा

कोल्हापूरकडे वाकळ, म्हणजे गोधडी, जुन्या लुगड्यांची शिवतात. यामागे काटकसर आहेच, पण कापडाचं शास्त्रही आहे. वर्षानुवर्षं धुतलेल्या लुगड्यात कांजीचा अंश उरलेला नसतो, सुटणारा रंग कधीच सुटून गेलेला असतो आणि जेवढं आटायचं तेवढं ते आटलेलं असतं. असे थर एकावर एक टाकून दोरा घातला की पुढे कुठलाच थर दुसऱ्याला ओढत नाही. कोल्हापूरजवळच्या गांधीनगरच्या बाजारातून किंवा थेट इचलकरंजीहून मीटरवर आणलेलं नवं कापड या अवस्थेला पोचलेलं नसतं. चादर, अभ्रे, रजईची खोळ घरी शिवायची तर त्याला तिथवर आणायचं काम आपलं.

इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी बसवला. तेव्हापासून यंत्रं कितीतरी बदलली, पण विणण्याचं तत्त्व तेच आहे. ताण्याचे उभे धागे ओढून धरायचे आणि त्यांतून बाण्याचा आडवा धागा पार करायचा. पुढे ब्लीचिंग, रंगाई, छपाई या प्रत्येक टप्प्यावर कापड पुन्हा लांबीतच ओढलं जातं. त्यामुळे दुकानातल्या ताग्यावरचं, म्हणजे गुंडाळीवरचं, कापड त्याच्या नैसर्गिक लांबीपेक्षा जास्त ताणलेलं असतं. ते पाण्यात पडलं की दोन गोष्टी घडतात. धाग्यातला ताण सुटतो, आणि कापसाचा तंतू फुगतो. तंतू जाडीत साधारण २० टक्के वाढतो, लांबीत जेमतेम एक टक्का. धागा जाड झाला की त्याच्यावरून-खालून जाणाऱ्या दुसऱ्या धाग्याला मोठा वळसा घ्यावा लागतो आणि त्यासाठी तो दोन्ही टोकांकडून आत ओढला जातो. वाळल्यावर धागे बारीक होतात, पण विणीने घेतलेली नवी बैठक तशीच राहते. यालाच आपण कापड आटलं म्हणतो. तंतू स्वतः आखूड झालेला नसतो.

म्हणून सुती कापड लांबीत जास्त आटतं आणि पन्ह्यात, म्हणजे रुंदीत, कमी. साध्या पॉपलीनमध्ये लांबीत ४ ते ७ टक्के आणि पन्ह्यात १ ते ३ टक्के धरून चालावं. खादी, हातमाग आणि फलालीन यांत तर १० टक्क्यांचीही तयारी ठेवावी. काठावर ‘सॅन्फोराइज्ड’ असा शिक्का असेल, तर ते कापड कारखान्यातच वाफ आणि रबरी पट्ट्याच्या दाबाने लांबीत आवळून घेतलेलं असतं आणि घरी जेमतेम एक टक्का आटतं. मात्र शिक्का आणि दुकानदाराचा शब्द यांत फरक करावा. ‘आटत नाही ताई, गॅरंटी’ याला मोजपट्टीपुढे किंमत नाही.

मोजणं सोपं आहे. ताग्यातलं पाऊण मीटर आधी आणावं. त्यावर काठापासून चार बोटं आत, न पुसणाऱ्या पेनाने ५० सेंटीमीटरचा चौकोन आखावा आणि काठाला समांतर बाजूवर बाणाची खूण करावी. तो तुकडा पुढे चादर जशी धुणार तसाच धुवावा, वाळवावा, ओढाताण न करता इस्त्री करून मोजावा. कमी झालेला प्रत्येक सेंटीमीटर म्हणजे दोन टक्के. चौकोनाचे कोपरे काटकोन सोडून तिरके झाले असतील, तर प्रोसेसमध्ये कापड वाकडं ओढलं गेलंय. अशा कापडाची चादर धुतल्यावर एका कोपऱ्याकडे पळते आणि ती कशानेही सरळ होत नाही. तो तागा सोडून द्यावा. चौकड्यांची छपाई आडव्या धाग्याला समांतर नसेल तेव्हाही हेच. पॉपलीन फाडून घेण्याची दुकानातली पद्धत इथे उपयोगी पडते, कारण फाडलेली कड बाण्याच्या धाग्याबरोबर जाते आणि छपाई तिरकी असेल तर तिथल्या तिथे दिसते.

आता लांबीचा हिशोब. गादी ७२ बाय ७८ इंच, उंची ६ इंच. चादर चारही बाजूंनी खाली उतरून आणखी ६ इंच आत खोचायची असेल, तर तयार लांबी ७८ अधिक २४, म्हणजे १०२ इंच. दोन्ही टोकांच्या दुमडीला ५ इंच धरले की १०७. कापड लांबीत ५ टक्के आटतंय असं चाचणीत दिसलं, तर १०७ ला ०.९५ ने भागायचं. उत्तर ११२.६ येतं, म्हणजे ११३ इंच, सुमारे २.८७ मीटर. तीन मीटर घ्यावं. रुंदीला ९६ इंच लागतात, बाजूंच्या शिलाईसह ९८. १०८ इंच पन्हा ३ टक्के आटून सव्वातीन इंच कमी होतो, तरी पुरतो. ९० इंची पन्हा मात्र या गादीला कमी पडतो, मधे जोड आलाच. चादरीच्या मधोमध जोड घालण्यापेक्षा मधे पूर्ण पन्हा ठेवून दोन्ही बाजूंना पट्ट्या लावाव्यात. पाठीला शिवण टोचत नाही.

निवड करताना ‘थ्रेड काउंट’च्या आकड्याला फार भुलू नये. इचलकरंजीच्या व्यापाऱ्याकडे कापडाची ओळख ४०×४०/१३२×७२ अशी लिहिलेली असते. पहिले दोन आकडे ताणा आणि बाणा यांच्या सुताचा नंबर सांगतात. एका पौंडात ८४० यार्डांच्या ४० लडी बसल्या तर ते ४० नंबरचं सूत, म्हणजे नंबर जितका मोठा तितकं सूत बारीक. पुढचे दोन आकडे इंचातल्या उभ्या आणि आडव्या धाग्यांचे. त्यांची बेरीज २०४, हाच खरा थ्रेड काउंट. पाकिटावर ८०० किंवा १००० छापलेलं असेल, तर बहुतेक वेळा दुपदरी-चौपदरी धाग्याचा प्रत्येक पदर वेगळा मोजलेला असतो. रोजच्या चादरीला ३० ते ४० नंबर सूत आणि चौरस मीटरला १२० ते १४० ग्रॅम वजन उत्तम. त्याहून हलकं कापड खोचलेलं राहत नाही, आणि जड कापड आपल्या पावसाळ्यात वाळत नाही. पॉलिस्टर मिसळलेलं कापड आटत नाही आणि इस्त्रीही कमी मागतं, पण ६५ टक्के आर्द्रतेत कापूस साडेआठ टक्के ओलावा धरतो, तर पॉलिस्टर अर्धा टक्काही नाही. मे महिन्यात रात्री पाठ चिकटते ती त्यामुळे. शिवाय वर्षभरात त्यावर गोळे येतात. शंका असेल तर दोन-चार धागे चिमट्यात धरून जाळावेत. कापूस कागदासारख्या वासाने जळून मऊ राख होते, पॉलिस्टर वितळून कडक मणी उरतो.

कडकपणाने फसू नये. ताण्याचा धागा मागावर घासून तुटू नये म्हणून त्याला सायझिंगमध्ये खळ दिलेली असते, आणि हलकं कापड भरीव वाटावं म्हणून शेवटी पुन्हा कांजी चढवतात. कापड दोन्ही हातांत धरून चोळलं आणि पांढरी भुकटी पडली, तर आपण कापडाच्या भावात स्टार्च विकत घेतोय. पांढऱ्या किंवा फिक्या कापडावर याहून नेमकी चाचणी होते. जखमेला लावायचं पोव्हिडोन आयोडीन पाण्यात मिसळून चहाच्या रंगाचं करावं आणि त्याचा थेंब कापडावर टाकावा. निळा-काळा डाग पडला तर स्टार्च आहे. तपकिरीच राहिला तर नाही. हा स्टार्च काढण्याची घाई का, ते जुलैत कळतं. कोल्हापूरच्या पावसात कपाटातल्या कांजीदार कापडावर बुरशीचे काळे ठिपके आधी येतात, आणि कसर लागते तीही त्याच स्टार्चच्या ओढीने.

धुण्याआधी कापलेल्या कडांना इंटरलॉक करून घ्यावं किंवा मशीनवर झिगझॅग मारावी. चारही कोपरे तिरके छाटले तर धाग्यांचा गुंताही कमी होतो. मग कापड कोमट पाण्यात रात्रभर बुडवावं. सकाळी पाणी बुळबुळीत आणि किंचित आंबूस लागतं, म्हणजे जिवाणूंनी स्टार्च पचवायला घेतलाय. एन्झाइम असलेली धुण्याची पावडर ४०-५० अंशाच्या पाण्यात वापरली तर हेच काम तासाभरात होतं. क्रम उलटा करू नये. उकळत्या पाण्यात एन्झाइम निकामी होतं, म्हणून आधी कोमट पाणी, मग गरम. त्यानंतर नेहमीसारखं, पण ६० अंशाला धुवावं. पुढे कधी गरम पाण्याने धुणार असाल तर पहिली धुलाई गार पाण्यात उरकण्यात अर्थ नाही, राहिलेलं आटणं शिवणीनंतर बाहेर येतं. जाड कापड दोनदा धुऊन दोनदा पूर्ण वाळवावं. सुगंधी सॉफ्टनर टाळावा. त्याचा थर तंतूवर बसतो आणि चादर घाम टिपेनाशी होते.

मांजरपाट किंवा ग्रे, म्हणजे ब्लीच न केलेलं कोरं, कापड घेतलं असेल तर एवढ्याने भागत नाही. त्यात कापसाचं मूळ मेण असतं, आणि पाण्याचा थेंब त्यावर मोत्यासारखा उभा राहतो. तीन मीटर लांब, १०८ इंच पन्ह्याच्या कापडाचं वजन सुमारे एक किलो भरतं. त्याला २० लिटर पाणी, १०० ग्रॅम धुण्याचा सोडा आणि ४० ग्रॅम साबण पावडर घेऊन पाऊण तास मंद उकळावं. भांडं स्टीलचं हवं. जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या पातेल्याला सोडा खातो आणि त्याची काजळी कापडाला लागते. कापड पूर्ण बुडलेलं ठेवावं, कारण क्षारात भिजलेला गरम कापूस हवेवर उघडा राहिला तर तेवढाच कमजोर होतो. पहिलं खळबळणं गरम पाण्यातच करावं. एकदम गार पाणी ओतलं की सुटलेलं मेण परत चिकटतं. वाळल्यावर थेंब टाकून पाहावा, तो पाच सेकंदांत मुरायला हवा. सरकीचे तपकिरी ठिपके उरतील, त्यांच्यामागे लागू नये.

रंगाबाबत मिठाचा आणि तुरटीचा सल्ला घरोघरी मिळतो. दोन्ही गोष्टी रंगाऱ्याच्या भट्टीतल्या आहेत, बादलीतल्या नाहीत. तुरटी नैसर्गिक रंगाला कापडाशी बांधते, तीही रंगवण्याआधी किंवा रंगवतानाच. मीठ रंगाला पाण्यातून धाग्याकडे ढकलतं, पण पक्कं करत नाही. त्यामुळे मिठाच्या पाण्यात रंग थांबल्यासारखा वाटतो आणि पुढच्या धुण्यात पुन्हा सुटतो. १९५६ पासून बाजारात आलेले रिॲक्टिव्ह रंग कापसाच्या सेल्युलोजशी थेट रासायनिक बंध जोडतात. त्यातून पाणी रंगीत येतं ते बंध न जुळलेल्या उरल्यासुरल्या रंगाचं. तो गरम पाण्यात वेगळं धुऊन, पाणी नितळ येईपर्यंत काढून टाकावा. चार-पाच धुण्यांनंतरही पाणी तितकंच लाल येत असेल, तर रंग हलका आहे आणि तो सुटतच राहणार. खरेदीच्या वेळीच ओला पांढरा रुमाल कापडावर दहा वेळा दाबून घासला तर हा त्रास वाचतो. पिगमेंट छपाई वेगळी. तिथे रंग चिकट बाइंडरने वर बसवलेला असतो. तो पाण्यात जात नाही, घासून जातो. उशीच्या अभ्र्याला तो लवकर विटतो.

बाळाच्या दुपट्यासाठी ‘सुरकुती पडत नाही’ असं कापड नकोच. त्यासाठी कापडावर चढवलेल्या रेझिनमधून थोडं फॉर्मल्डिहाइड सुटतं. धुतल्याने कमी होतं, पण जे मुळातच टाळता येतं ते घ्यावं कशाला?

वाळवताना पिळू नये, पिळल्याने विणीची चौकट तिरकी होते. दोरीवर एका कोपऱ्याने टांगू नये. ओलं कापड स्वतःच्या वजनाने लांबतं आणि आपण मोजलेलं आटणं खोटं ठरतं. दोन दोऱ्यांवर पसरून टाकावं. ही सगळी कामं एप्रिल-मे मध्ये उरकलेली बरी. जूनच्या मध्यानंतर जाड कापडाला वाळायला दोन दिवस लागले की कुबट वास बसतो आणि सगळं पुन्हा धुवावं लागतं. किंचित ओलं असतानाच उभ्या धाग्याच्या दिशेने इस्त्री करावी, मग बाण्याचा एक धागा ओढून त्या रेषेवर कापावं.

कापसाच्या गादीची खोळ पिंजाऱ्याकडे द्यायची असेल, तर ती पुढे धुतली जाणार नाही, तेव्हा आटण्याची चिंता कमी. तिथे वीण घट्ट आहे ना, उजेडासमोर धरल्यावर छिद्रं दिसत नाहीत ना, एवढं पाहावं. फोमच्या गादीची चेनवाली खोळ मात्र धुतली जाते, आणि न आटवता शिवली असेल तर पहिल्या धुण्यानंतर फोमवर चढत नाही. तिच्या सुती पायपिंगची पट्टी आणि नाडीसुद्धा त्याच बादलीत टाकावी.