पत्रं खोटी निघाली, तेव्हा

वर्तमानपत्रात खोटं छापून येणं नवं नाही. ‘केसरी’ १८८१ च्या जानेवारीत निघाला आणि पुढच्याच वर्षी अब्रुनुकसानीच्या खटल्यात सापडला. कोल्हापूरचे कारभारी रावबहादूर बर्वे तरुण छत्रपतींचा छळ करतात, अशी चर्चा होती. बर्व्यांचीच म्हणून काही पत्रं हाती आली. ‘केसरी’ आणि त्याचं इंग्रजी भावंड ‘मराठा’ने ती छापली. ती बनावट निघाली. आगरकर आणि टिळकांनी माफी मागितली, तरी चार महिन्यांची शिक्षा झाली. त्यातले १०१ दिवस दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात काढले. हेतू चांगला होता, शहानिशा कमी पडली. पण ती पत्रं खरी वाटली म्हणून छापली होती, हे विसरू नये.

२००९ च्या विधानसभा निवडणुकीत हा ‘वाटण्या’चा भागच उरला नाही. तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाणांचं कौतुक करणारा एकच मजकूर, शब्दाला शब्द, एकमेकांच्या स्पर्धक दैनिकांत बातमी म्हणून आला. पानांवर कुठे ‘जाहिरात’ असं लिहिलेलं नव्हतं. पत्रकार पी. साईनाथ यांनी ही कात्रणं शेजारी-शेजारी ठेवून दाखवली. चव्हाणांच्या निवडणूक खर्चात वृत्तपत्रीय जाहिरातींपुढे आकडा होता ५,३७९ रुपये. पैसे देऊन छापल्याचा आरोप त्यांनी फेटाळला. निवडणूक आयोगाने २०१४ मध्ये या खर्चाच्या हिशेबावरून बजावलेली नोटीसही दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केली.

‘पॅकेज’, म्हणजे पैसे घेऊन उमेदवाराच्या बातम्या छापायचा ठराव, हा शब्द मात्र तालुक्याच्या वार्ताहरापर्यंत पोचला होता. वृत्तपत्रांवर देखरेख ठेवणाऱ्या प्रेस कौन्सिलच्या दोन सदस्यांनी या विकत घेतलेल्या बातम्यांवर, वृत्तपत्रांची नावं घेऊन, ७१ पानी अहवाल लिहिला. कौन्सिलने २०१० मध्ये तो बाजूला ठेवून त्रोटक अहवाल काढला. मूळ अहवाल बाहेर यायला माहिती आयोगाचा आदेश लागला. बातमी विकणाऱ्यांपेक्षा मला ही झाकाझाकी जास्त लागते.

मग मोबाइल आला आणि संपादकच मधून गेला. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे मेसेज २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यात फिरत होते. १ जुलैला, रविवारी, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडे बाजार होता. भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारलं. त्यातले बहुतेक मूळचे मंगळवेढ्याकडचे. बर्व्यांना निदान कोर्टात खेचायला संपादकांची नावं तरी होती.

त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने जाहीर केलं, की भारतात एक मेसेज एका वेळी पाचच चॅटना पुढे पाठवता येईल.